सगळं जाहीर आहे, पण जुळत काहीच नाही: सार्वजनिक कारभारातली पारदर्शकता आणि मधला रकाना

रोजकीर्द (धागाकर्ता)

पारदर्शकतेची चर्चा बहुतेक वेळा 'सगळं संकेतस्थळावर टाका' या मागणीपाशी येऊन थांबते. टाकतातही. तरी एखाद्या कामाचा रुपया कुठून निघाला आणि कुठे जिरला हे घरबसल्या शोधायला गेलं की तिसऱ्या पायरीला माग तुटतो. माझ्या मते कागद किती जाहीर केले याला फार अर्थ नाही. एका कागदावरून दुसऱ्यावर जाता येतं का, हे पाहायला हवं.

सगळ्यात ठळक उदाहरण निवडणूक रोख्यांचं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि माहिती जाहीर करायला सांगितलं. १४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या टाकल्या. एकीत रोखे कोणी घेतले, दुसरीत कोणत्या पक्षाने वठवले. तारखा होत्या, रकमा होत्या, शेकडो पानं होती. पण कोणाचा रोखा कोणत्या पक्षाला गेला हे त्यातून कळत नव्हतं, कारण दोन्ही याद्यांत रोख्याचा क्रमांकच नव्हता. न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर २१ मार्चला क्रमांकासह याद्या आल्या आणि त्याच दिवशी लोकांनी जोड्या लावायला घेतल्या. आधीच्या आठवड्यात माहिती 'जाहीर'च होती, फक्त दोन याद्यांना जोडणारा रकाना गायब होता.

हेच गल्लीतल्या रस्त्यालाही लागू होतं. त्याची साखळी साधारण अशी: प्रशासकीय मान्यता (काम करायला मंजुरी), तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक (अभियंत्याने मंजूर केलेला कामाच्या खर्चाचा अंदाज), निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारं पत्र), मोजमाप पुस्तिका (केलेल्या कामाची मापं), देयक (बिल), प्रमाणक (व्हाउचर), रोकड वही. निविदा महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर दिसते, अंदाजपत्रकाची एकूण रक्कम अर्थसंकल्पात दिसते, देयकं लेखा विभागाच्या यादीत दिसतात. मात्र निविदेत कामाचं नाव एक, देयकाच्या यादीत 'रस्ता दुरुस्ती, प्रभाग ७' एवढंच, आणि समान क्रमांक कुठेच नाही.

माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून प्रसिद्ध करायच्या १७ बाबी आहेत. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत त्या प्रसिद्ध करायच्या होत्या आणि दरवर्षी अद्ययावत करायच्या आहेत. बहुतेक कार्यालयांचा भर पहिल्या दहा बाबींवर असतो: रचना, कर्तव्यं, अधिकाऱ्यांची यादी, पगार. खरं मोल ११, १२ आणि १३ मध्ये आहे, म्हणजे अर्थसंकल्पीय तरतूद व खर्चाचा अहवाल, अनुदान योजनांचे लाभार्थी, आणि सवलती-परवाने कोणाला दिले. नेमकी तिथेच 'निरंक' (म्हणजे काहीच नाही) किंवा 'लागू नाही' अशी नोंद भेटते.

धाग्याचा उद्देश: कुठला कागद मागायचा, त्यावर काय पाहायचं, कुठे अडतं आणि त्याला उपाय काय, एवढंच. राजकीय पक्षांची उणीदुणी दुसरीकडे काढावीत.

टाचणी

'निरंक' हा शब्द शोधयंत्रात टाकून एखाद्या कार्यालयाची १७ बाबींची पुस्तिका चाळा. मागच्या बदलीतल्या साहेबांची नावं आणि जुन्या कार्यालयाचा पत्ता तर हमखास सापडतो. एकाची पुस्तिका दुसऱ्याने उतरवलेली असते, कधी कधी शेजारच्या तालुक्याचं नावही तसंच राहून गेलेलं असतं.

मोजपट्टी

साखळीतला सर्वांत बोलका कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, कार्यालयीन भाषेत एमबी. लोक अंदाजपत्रक मागतात आणि थांबतात. अंदाजपत्रक म्हणजे काय करायचं ठरलं होतं. काय केलं असं सरकार म्हणतंय, ते एमबीत असतं.

एमबीची पानं छापील क्रमांकाची असतात. मोजमापं शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता लिहितो, त्यातला काही भाग उपअभियंता स्वतः तपासून सही करतो. नोंद अशी असते: लांबी १२० मी, रुंदी ३ मी, जाडी ०.१५ मी, परिमाण ५४ घनमीटर. ही नोंद हातात घेऊन रस्त्यावर जा. लांबी-रुंदी टेपने दोन मिनिटांत मोजता येते. जाडी कडेला, जिथे काँक्रीट उघडं असतं तिथे, दिसते. समजा रुंदी २.८ मी आणि जाडी ०.१२ मी भरली, तर प्रत्यक्ष ४०.३२ घनमीटरच होतं. रुंदीत वीतभर आणि जाडीत तीन सेंटिमीटर एवढीच तफावत, डोळ्याला जाणवतही नाही, पण एकूण मालात चौथा हिस्सा कमी. म्हणून चोरी सहसा लांबीत नसते, लांबी कोणीही पावलांनी मोजतं. ती जाडीत असते. अर्थात कडेची जाडी हा फक्त इशारा. मधली जाडी कोअर (काँक्रीटचा आरपार कापलेला गोल नमुना) काढल्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि कडेला मुद्दाम जाड भरून मध्ये पातळ ठेवल्याचंही असू शकतं.

यात रोजकीर्द म्हणतात तो जोडणारा रकानाही आहे. पद्धत अशी की देयक मंजूर झालं की त्या मोजमापांच्या पानावर लाल शाईने तिरकी रेघ मारायची आणि प्रमाणकाचा क्रमांक व तारीख तिथेच लिहायची. हेतू हा की तीच मोजमापं पुन्हा दुसऱ्या देयकाला वापरता येऊ नयेत. तेव्हा एमबीची प्रत आली की आधी रेघ शोधा. रेघ नसेल आणि पैसे दिले गेले असतील तर पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. रेघ असेल तर प्रमाणक क्रमांक घेऊन थेट रोकड वहीत जाता येतं.

आणखी तीन तारखा जुळवा:

काँक्रीटच्या ठोकळ्यांचा २८ दिवसांचा चाचणी अहवाल. ठोकळे भरल्याची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची असेल, किंवा भरणं आणि चाचणी यांत २८ दिवसांचं अंतरच नसेल, तर तो अहवाल दुसऱ्या कुठल्या तरी कामाचा किंवा मागाहून बनवलेला असू शकतो.

डांबरी काम असेल तर डांबर खरेदीचं चलन. चलनाचा क्रमांक, टँकरचा क्रमांक, वजन. एकच चलन दोन-तीन कामांच्या देयकांना जोडण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून शेजारच्या दोन रस्त्यांची चलनं एकत्र मागितली तर पटकन कळतं.

गौण खनिजाच्या (खडी, मुरूम, वाळू) स्वामित्वधनाच्या, म्हणजे सरकारला भरायच्या रॉयल्टीच्या पावत्या. खडी-मुरूम एवढा लागला असं एमबी म्हणते, तर तेवढ्याच्या पावत्या किंवा देयकातून कपात दिसायला हवी.

उंबरठा

छान माहिती. पण हे सगळं मागायचं कसं? माहिती अधिकाराचा अर्ज लांबला की 'एका विषयापुरता मर्यादित ठेवा' असं उत्तर येतं असं ऐकलं आहे.

तळटीप

उंबरठा, ते उत्तर नियमाला धरून आहे. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. दोन विषय घातले तर जन माहिती अधिकारी (अर्जाला उत्तर देणारा कार्यालयातला अधिकारी) पहिल्याच विषयाची माहिती देऊन बाकीसाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतो. मात्र एकाच कामाचे सहा कागद हा एकच विषय आहे, सहा नव्हेत. म्हणून विषय कामाच्या नावाने बांधायचा, कागदाच्या नावाने नाही.

जोडपत्र 'अ' मध्ये, म्हणजे अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, मजकूर असा बसतो:

विषय: अमुक ते तमुक रस्ता काँक्रिटीकरण, कार्यारंभ आदेश क्र. ... दि. ...
कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५
तपशील: वरील एका कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती. (१) तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक. (२) मोजमाप पुस्तिकेची या कामाची सर्व पाने, पुस्तिका क्रमांकासह. (३) अदा केलेली देयके व प्रमाणके. (४) गुणवत्ता चाचणी अहवाल. (५) दोषदायित्व कालावधी नमूद असलेली करारनाम्याची पाने. (६) नस्तीचा टिपणी भाग.

(दोषदायित्व कालावधी म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, नस्ती म्हणजे फाईल.) कार्यारंभ आदेशाचा क्रमांक माहीत नसेल तर आधी छोटा अर्ज करून त्या वर्षातल्या कामांची यादी क्रमांकासह मागा, किंवा रस्त्यावरच्या फलकाचा फोटो घ्या, त्यावर बऱ्याचदा असतो. क्रमांकाशिवाय 'आमच्या भागातील सर्व रस्ते' असं लिहिलं की 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' हे उत्तर आलंच म्हणून समजा.

शुल्क: अर्जाला १० रुपये, राज्याच्या कार्यालयांत कोर्ट फी स्टँप चालतो. प्रतींना पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. केंद्राच्या कार्यालयाला (टपाल, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक) कोर्ट फी स्टँप चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन. या एका चुकीमुळे अर्ज परत येतात. केंद्राची शब्दमर्यादा ५०० आहे आणि पहिल्या अपिलाला शुल्क नाही. महाराष्ट्रात पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला प्रत्येकी २० रुपये.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. अर्ज स्वतःच्या नावाने करा, 'अध्यक्ष, अमुक मंडळ' म्हणून नको, कारण कायदा हक्क नागरिकाला देतो. आणि माहिती कशासाठी हवी ते लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारता येत नाही. ते आपणहून लिहिलं की उत्तर देणारा कागदाऐवजी हेतूकडे बघू लागतो.

टाचणी

आणि 'का' विचारू नका! 'रस्ता वर्षात का उखडला?' या प्रश्नाला 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देणे बंधनकारक नाही' हे एका ओळीचं उत्तर तयारच असतं.

तळटीप

टाचणी, बरोबर, आणि त्याला आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात (सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय) म्हटलं की जी माहिती अभिलेखात आहे तीच द्यायची असते. नवीन माहिती तयार करून देणं किंवा मत देणं बंधनकारक नाही.

पण 'का'चं उत्तर मिळवायच्या दोन वाटा आहेत. एक, कारण जिथे लिहिलेलं असतं तो कागद मागा: टिपणी, पाहणी अहवाल, बैठकीचं इतिवृत्त. दोन, निर्णयाचा फटका तुम्हाला स्वतःला बसला असेल, उदाहरणार्थ परवानगी नाकारली किंवा यादीतून नाव वगळलं, तर कलम ४(१)(घ) प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं सांगणं हे प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. हे कलम फारसं कोणी वापरत नाही.

बारनिशी

कार्यालयाच्या बाजूने थोडं. जन माहिती अधिकारी माहिती दडवतो असं सरसकट म्हणणं सोपं आहे. निम्म्या वेळा त्याला कागद सापडत नाही. नस्ती एका कार्यासनात, एमबी उपविभागात, प्रमाणकं लेखा शाखेत, चाचणी अहवाल ठेकेदाराच्या देयकासोबत टाचलेले. कलम ४(१)(क) म्हणतं अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवा. ते केलेलं असेल तर अर्जाचं उत्तर अर्ध्या तासाचं काम आहे, नसेल तर तीन शाखांना पत्रं आणि तीन आठवड्यांची वाट.

कोणत्याही कार्यालयाला खर्चाशिवाय करता येण्यासारखं एकच काम सांगतो. प्रत्येक कामाला प्रशासकीय मान्यतेच्या दिवशी एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक अंदाजपत्रकापासून प्रमाणकापर्यंत प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचा. स्कॅन केलेल्या फाईलचं नावही त्याच क्रमांकाने सुरू करायचं. 'स्कॅन००१२' असल्या नावांच्या फाइली म्हणजे कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणं.

अभिलेख कधीपर्यंत ठेवायचे याचंही वर्गीकरण असतं: अ कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ पाच वर्षं, ड एक वर्ष. मागायचा कागद कोणत्या वर्गात येतो ते आधी पाहा. ड वर्गाचा कागद चार वर्षांनी मागितला तर तो कायदेशीरपणे नष्ट झालेला असू शकतो. तेव्हा नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत मागावी, म्हणजे 'नष्ट केला' हे खरं की 'सापडत नाही'चं गोंडस रूप, ते कळतं.

उंबरठा

आणि 'नस्ती गहाळ आहे' असं लेखी आलं तर? तिथेच संपलं का?

बारनिशी

नाही. 'गहाळ' हे अपवादाचं कारणच नाही. कलम ८ मध्ये नकाराची कारणं मोजून दिली आहेत, त्यात हे बसत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ प्रमाणे अभिलेख जपणं ही कार्यालयाची जबाबदारी आहे, आणि बेकायदा नष्ट करणं हा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. अपिलात तीन गोष्टी मागाव्यात: शोध घेतल्याचा लेखी अहवाल, शेवटचा ताबा कोणाकडे होता त्याची नोंद, आणि नस्तीची पुनर्बांधणी.

पुनर्बांधणी बहुधा शक्य असते, कारण एकच कागद चार ठिकाणी जातो. ग्रामपंचायतीतली प्रत नसेल तर पंचायत समितीत अंदाजपत्रक असतं, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांत प्रमाणकाचा उल्लेख असतो, बँकेत अदायगी असते.

मोजपट्टी

प्रतींपेक्षा तपासणी मागणं मला नेहमी जास्त उपयोगी वाटतं. कलम २(ञ) मध्ये अभिलेख पाहणं, टिपणं घेणं, साक्षांकित प्रती, एवढंच नाही तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज करून तपासणी मागितली तर पहिल्या तासाला शुल्क नाही.

नस्ती उघडली की तिचे दोन भाग दिसतात. एका बाजूला टिपणी, म्हणजे लिपिकापासून वरपर्यंत कोणी काय लिहिलं. दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. लोक जाड दिसणारा पत्रव्यवहार चाळत बसतात. खरी गोष्ट टिपणीत असते. आधी पानांचे क्रमांक पाहा: १४ नंतर १७ आलं तर ते तिथेच लिहून घ्या आणि अधिकाऱ्याला दाखवा. मग 'वरिष्ठांशी चर्चेनुसार' असं कुठे लिहिलंय का पाहा. खालच्या दोन टिपणींत प्रतिकूल अभिप्राय, मग 'चर्चेनुसार', आणि त्यानंतर मंजुरी, असा क्रम दिसला तर चर्चा कोणाशी आणि कशाच्या आधारे हे कागदावर नाही, म्हणजे निर्णयाचं कारण नस्तीत नाही. मंजुरी कोणाच्याही सहीने असो, कारण नोंदवलेलं नसणं हाच मुद्दा.

निघताना पाहिलेल्या पानांची यादी करून तिच्यावर तिथल्या कर्मचाऱ्याची सही-तारीख घ्या. प्रत मागताना 'टिपणी पान ९ ते १३' असं लिहिता येतं आणि नंतर ती पानं बदलण्याची सोय राहत नाही.

सावलीचा_कोन

इथे कोणीच दुसरी बाजू मांडली नाही म्हणून लिहिते. पारदर्शकता कारभाराची हवी, माणसांची नव्हे. पारदर्शकतेच्या नावाखाली लाभार्थ्यांच्या याद्या आधार क्रमांक, बँक खातं आणि मोबाइलसकट भिंतीवर चिकटवल्या जातात, संकेतस्थळावर चढवल्या जातात. आधार अधिनियम २०१६ च्या कलम २९(४) प्रमाणे आधार क्रमांक असा जाहीर करताच येत नाही. विधवा निवृत्तिवेतनाची यादी किंवा आजारासाठी मिळालेल्या मदतीची यादी फोटो काढून गावभर फिरते, तेव्हा त्या बाईने काय गमावलं याचा हिशेब कुठल्याच रोकड वहीत नसतो.

रोजकीर्द

सावलीचा_कोन, पूर्ण सहमत, आणि दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात. लाभार्थी यादीत नाव, गाव, मंजुरी आदेश क्रमांक, रक्कम आणि हप्त्याची तारीख पुरते. आधार, खातं, मोबाइल, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, आजार यांतलं काहीही सार्वजनिक तपासणीला लागत नाही. जोडणारा रकाना म्हणून मंजुरी आदेश क्रमांक आहेच, आधारची गरज नाही. आजाराच्या मदतीसारख्या योजनांत तर नावाऐवजी आदेश क्रमांकच ठेवावा.

झाकण्याची पद्धतही चुकते. पीडीएफमधल्या मजकुरावर काळी पट्टी ओढून फाईल चढवतात. त्या पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला की जसाच्या तसा येतो. कागदावर काळं करून, त्याची छायाप्रत काढून, मग स्कॅन करायचं. नाहीतर मूळ तक्त्यातून तो रकानाच काढून नवी फाईल करायची.

तळटीप

या विषयाला धरून एक मोठा बदल नोंदवतो. पूर्वी कलम ८(१)(ञ) प्रमाणे वैयक्तिक माहिती नाकारायची तर ती सार्वजनिक कामाशी संबंधित नाही किंवा तिच्यामुळे खासगीपणावर अवाजवी आक्रमण होतं, असं काहीतरी दाखवावं लागे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ४४(३) ने हा भाग काढून टाकला आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता मजकूर एवढाच उरला आहे की वैयक्तिक माहिती देणं बंधनकारक नाही. ठेकेदाराचं नाव, अभियंत्याची सही, अपात्र लाभार्थी, सगळ्यालाच 'वैयक्तिक' म्हणता येईल ही भीती रास्त आहे.

तरी तीन दारं उघडी आहेत. कलम ८(२): माहिती उघड करण्यातलं जनहित नुकसानापेक्षा मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. मात्र ते जनहित आता अर्जदाराने मांडावं लागणार, म्हणून अपिलात एक परिच्छेद त्यासाठी ठेवा. 'व्यापक जनहितासाठी' एवढं लिहून भागणार नाही. किती रकमेचं काम, नोंद आणि जागा यांत काय तफावत, कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न, असं नेमकं लिहा. दुसरं कलम १०: कागदातला झाकायचा तेवढा भाग झाकून उरलेला द्यायचा, अख्खा कागद नाकारायचा नाही. तिसरं, कलम ४(१)(ख) अजून जागेवर आहे. लाभार्थी, परवाने, वेतन स्वतःहून जाहीर करा असं एकीकडे कायदा म्हणत असताना तेच अर्जावर नाकारणं टिकू नये, असं माझं मत.

'चौकशी सुरू असल्याने माहिती देता येत नाही' हेही उत्तर अर्धवट असतं. कलम ८(१)(ज) म्हणतं की माहिती दिल्याने तपासात अडथळा यायला हवा. नुसती चौकशी चालू असणं पुरेसं नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. अडथळा कसा, ते अधिकाऱ्याने सांगायचं. अपिलात नकाराचं समर्थन करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे त्याच्यावरच असतो.

उंबरठा

मुदती कोणी एकत्र देईल का? ३०, ४५, ९० यांत गोंधळ होतो.

टाचणी

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस. जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा. शुल्क भरण्याचं पत्र आलं तर पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजत नाहीत, तेव्हा ते पत्र उशाशी घेऊन झोपू नका. मुदत उलटली की माहिती फुकट, कलम ७(६).

पहिलं अपील (त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे): उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत. निर्णय ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या खंडपीठाकडे, ९० दिवसांत. तिथे मात्र रांग मोठी. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, तोही आयोगच लावतो, प्रथम अपिलीय अधिकारी नाही.

तळटीप

टाचणींच्या यादीत एक जोड: माहिती हवी असेल तर अपील (कलम १९), नुसती तक्रार (कलम १८) नको. तक्रारीत आयोग दंड लावू शकतो पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात ठरवलं. वर्षभर थांबून तक्रार निकाली निघते आणि हातात कागद काहीच नाही, असं त्यामुळे होतं. तोवर अपिलाची मुदतही गेलेली असते.

बारनिशी

सगळी चर्चा पैसे खर्च झाल्यावरच्या कागदांची चालली आहे. तोपर्यंत काँक्रीट सुकलेलं असतं. निर्णयाआधीची उघडता जास्त मोलाची आणि कमी भांडणाची. कलम ४(१)(ग) म्हणतं की महत्त्वाची धोरणं आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती प्रसिद्ध करा.

गावात यासाठी ग्रामसभा आहे. वर्षाला किमान चार, गणपूर्ती (लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि मोठे विषय पुष्कळदा तिथेच मंजूर होतात. तेव्हा पहिल्या सभेपेक्षा तहकूब सभेची तारीख लक्षात ठेवा.

सभेत जमाखर्च 'वाचून दाखवला' जातो. वाचून दाखवलेले आकडे कोणाच्याही डोक्यात राहत नाहीत. त्याऐवजी तीन वह्या टेबलावर मागा: नमुना ५ ची रोकड वही, नमुना १२ ची प्रमाणकं, नमुना १६ ची जडवस्तू नोंदवही (टिकाऊ वस्तूंची यादी). रोकड वहीतली कोणतीही तीन मोठी देणी निवडा, त्यांची प्रमाणकं काढा, वस्तू खरेदी असेल तर ती जडवस्तू वहीत चढली आहे का आणि प्रत्यक्ष जागेवर आहे का पाहा. पंधरा मिनिटांत होतं. सौरदिवे, पाण्याची मोटर, संगणक, बाकं या चार गोष्टींपासून सुरुवात केली तर उत्तम.

आणि ठराव सभा संपण्याआधी वहीत लिहून वाचून घ्या. नंतर 'सविस्तर लिहू' म्हणून सोडलेल्या कोऱ्या जागेत काय लिहिलं जाईल ते सांगता येत नाही.

सावलीचा_कोन

हे पटलं. वाद कमी होतात हेही खरं, कारण सरपंच-ग्रामसेवकाला आरोपी करून सुरुवात होत नाही.

उंबरठा

जाता जाता एक. सहकारी गृहनिर्माण संस्थेला माहिती अधिकार लागतो का? आणि माहिती एक्सेलमध्ये मागता येते का? छापील चारशे पानं घेऊन जुळवाजुळव कशी करणार?

तळटीप

पहिल्याचं उत्तर: थेट नाही. थलप्पलम प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारच्या भरीव निधीवर किंवा नियंत्रणावर न चालणारी सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. पण सहकार कायद्याखाली निबंधकाला (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) संस्थेकडून जी माहिती मागवता येते, ती कलम २(च) प्रमाणे निबंधकाकडे अर्ज करून मागता येते. लेखापरीक्षण अहवाल, निवडणुकीचे कागद तिथे आधीच असतात. आणि तुम्ही सभासद असाल तर सभासद म्हणून दप्तर पाहण्याचा हक्क वेगळा आहेच, आधी तो वापरा.

दुसऱ्याचं: हो. माहिती संगणकात साठवलेली असेल तर कलम २(ञ) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. अर्जात लिहा, 'ज्या मूळ तक्त्याच्या स्वरूपात साठवली आहे त्याच स्वरूपात, ई-मेलने किंवा सीडीवर'. कलम ७(९) प्रमाणे साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल तरच दुसरं स्वरूप देता येतं, आणि तयार फाईल पाठवण्यात ताण कसला? तरीही पुष्कळदा तक्ता छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून पाठवतात. अशी फाईल आली तर पहिल्या अपिलात एवढाच मुद्दा घ्या, आणि कामाच्या क्रमांकाचा रकाना वगळलेला नाही ना, तेही त्याच वेळी तपासा.